वस्तऱ्याच्या जुन्या पथऱ्या: चोरबाजारातला भाव आणि परदेशातला भाव

भायखळा_पूर्व

मंडळी, जुन्या घड्याळांवर आणि शाईच्या पेनांवर इथे बख्खळ धागे आहेत. वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या दगडांवर एकही दिसला नाही, म्हणून हा प्रपंच.

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, हल्ली एक बदल झालाय. पूर्वी पितळी कुलपं, मोडके कॅमेरे, एनॅमलच्या पाट्या यांच्या ढिगात एखादी पथरी पडलेली असायची. वस्तरा घेतला की दुकानदार ती वर फुकट द्यायचा. आता तोच माणूस फोनवर परदेशातल्या लिलावाचं पान उघडून नाकासमोर धरतो, "जर्मन है साब, एशर." दगड काळा असो, हिरवट असो, नाहीतर कोणाच्या तरी ओट्याचा कडप्पा कापलेला असो, सगळे एशर.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: जर्मनीत थुरिंगियामध्ये झोनेबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या एशर पेढीने आसपासच्या खाणींतला अतिशय बारीक पोताचा पाटीचा दगड कापून, घासून, वर कागदी लेबल चिकटवून जगभर विकला. चामड्याच्या पट्ट्यावर जाण्याआधीची वस्तऱ्याची शेवटची धार त्यावर काढायची. पाण्यावर चालतो, तेल लागत नाही. खाणकाम थांबलं, माल संपला, आणि साध्या वस्तऱ्याने दाढी करायची हौस परदेशात पुन्हा आली तेव्हा मागणी भलतीच वाढली. लेबल शाबूत, डबा शाबूत, दगड न झिजलेला असा मोठा एशर आला तर काहीशे डॉलरना जातो. त्याच खाणीतला, तेवढाच दगड लेबलाशिवाय आला की पुष्कळ खाली उतरतो. धार दोन्हींवर सारखीच लागते!

माझं मत असं की या बाजारात लोक पैसे कागदाचे मोजतात, दगडाचे नाही. आणि मुंबईत दगड आहेत, कागद नाहीत. त्यामुळे तिकडचा भाव इकडे लावणं हा शुद्ध बनाव आहे. कोणी वापरतं का इथे? जमवतं का? काय भाव दिलात, लिहा.

दीड_शहाणा

रुमाल टाकून ठेवतो. आमची दाढी ट्रिमरने होते, पण वाचायला मजा येणार.

धोकटी_आजोबांची

दादा, बरा धागा काढलात. आमचं परळला सलून आहे. आजोबा साताऱ्याकडून गिरणगावात आले, सुरुवातीला रस्त्यावर खुर्ची टाकून बसायचे, मग गाळा मिळाला. त्यांची धोकटी अजून आहे: तीन वस्तरे, नराणी, पितळेची वाटी, चामड्याचा पट्टा आणि दोन पथऱ्या. एक राखाडी-हिरवट, मधे चांगलीच खोल गेलेली. दुसरी लहान, विटकरी रंगाची, कारखान्यात केलेली वाटते.

पथरी रोज लागायची. दुकान उघडलं की आधी वस्तरे पाजळायचे, मग झाडू. वडिलांच्या वेळेपर्यंत हे चाललं. नव्वदीच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधीच विचारायला लागलं, "ब्लेड नवीन लावलंस ना?" तेव्हापासून अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला तो आला. पथरी काकांनी घरी नेली. काकू त्यावर विळी लावायची.

आता प्रश्न असा, की गेल्या महिन्यात एक जण दुकानात दाढी करायला आला, भिंतीवरचा पट्टा बघून चौकशी केली, आणि अख्ख्या धोकटीचे पाचशे रुपये देतो म्हणाला. वडील द्यायला तयार होते. मी म्हटलं थांबा. बरोबर केलं ना?

कांदाभजी

एकदम बरोबर. दाढी करायला आलेला माणूस धोकटी मागतो म्हणजे डाळीत काळं आहे.

भायखळा_पूर्व

@धोकटी, थांबलात ते उत्तम केलंत. फोटो टाका, बाजूचा आणि मागचाही.

तुमच्या प्रतिसादात माझ्या मुद्द्याचं अर्धं उत्तर आलंय. अमेरिकेत जिलेटचा ब्लेडवाला रेझर १९०३मध्ये विक्रीला आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी तो लाखांनी घेतला आणि घरी परतलेले लोक ब्लेडवरच राहिले. त्याआधी तिकडे पुष्कळ पुरुष घरीच वस्तऱ्याने दाढी करत. वस्तरा, पट्टा, छोटा दगड असा संच घरात असायचा. ब्लेड आलं आणि संच खणात गेला. नातवाने खण उघडला तेव्हा दगड कोरा, लेबल कोरं, डब्याला पेढीचं नाव. लिलावात जाणारा माल हा असा असतो.

आपल्याकडे दगड घरात नव्हता, धोकटीत होता. तिकडे खणात पडला त्यानंतर पाऊणशे वर्षं इथे तो रोज पाण्यात भिजत राहिला. पाण्याच्या दगडावर चिकटवलेलं कागदी लेबल किती टिकणार? म्हणून मुंबईत मिळणारा दगड खोलगट, तेलकट, एखादा कोपरा उडालेला. जमवणाऱ्याला तो नको असतो. वापरणाऱ्याला चालतो, कारण सपाट करून घेतला की झालं.

सातबंगलाकर

भायखळासाहेब, लेबलावर इतका राग का? मी लेबलवालेच घेतो आणि त्याची लाज वाटत नाही. लेबल ही दगडाची वंशावळ. थुरिंगियन दगड पिवळट-हिरवा, फिकट हिरवा, निळसर-हिरवा, गडद निळा अशा छटांत येतो, आणि जमवणारे पिवळट-हिरव्यामागे धावतात. पण छटा बघून दहा जण दहा मतं देतात. खुद्द एशरने काही दगड 'बार्बर्स डिलाइट' अशा नावानेही विकले. पेढीचं नाव, रंगाचं नाव, कडेचं लहान लेबल हे सगळं एका दगडावर असेल तर वाद मिटतो. मी वाद मिटवण्याचे पैसे देतो म्हणा ना.

जुन्या अमेरिकन दगडांतही तेच. न्यू हॅम्पशायरच्या पाईक कंपनीचे 'लिली व्हाइट' वॉशिटा, म्हणजे अर्कान्सासकडचे पांढरट दगड, घ्या. १९३२मध्ये पाईक नॉर्टन कंपनीकडे गेली, त्यामुळे लेबलावर कोणाचं नाव आहे यावरून काळ कळतो. नुसता पांढरट दगड काय सांगणार?

एक मात्र मान्य. आजकाल लेबलंही 'बनतात'. साध्या थुरिंगियन दगडावर चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला छापील कागद. त्यावर उपाय सांगतो: नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना दुकानदारांकडे, तो लेबलावर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चकाकी देणारी रसायनं घालतात ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. लेबल निळसर पांढरं पेटलं तर ते आजोबांच्या काळातलं नाही. पेटलं नाही म्हणून खरंच असेल असंही नाही, जुन्या वहीचा कोरा कागद वापरणारे महाभाग आहेत.

फेस_आणि_ब्रश

मी वस्तऱ्यानेच दाढी करतो, आणि हे सगळं वाचून मला हसू येतंय. आठ हजार ग्रिटचा (आकडा मोठा तितका कण बारीक) जपानी कृत्रिम दगड घ्या, हवा तर वर बारा हजारचा, मग पट्टा. प्रत्येक वेळी तोच निकाल. शंभर वर्षांपूर्वीच्या खाणीतला दगड काय देतो जे हा देत नाही? 'मऊ धार', 'गोड धार' असल्या गप्पा. गालाला विचारा, ग्रिट सांगतो का तो?

जमवायचं तर जमवा, छंदाला मोल नसतं. पण 'धार वेगळी लागते' हे विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे.

खडकू

पेशाने भूशास्त्रवाली, दाढीचा प्रश्न नाही. पण बाबांमुळे हे दगड हाताळलेत, म्हणून दोन गोष्टी.

@फेस, अर्धं बरोबर, अर्धं नाही. बेल्जियमचा कोटिक्यूल घ्या. आर्डेन प्रदेशात व्हिएल्साल्मच्या आसपास पिवळट थर मिळतो, खालीवर निळसर-जांभळ्या दगडाच्या मधे. त्या पिवळ्या थरात अभ्रकाच्या बारीक गाळात स्पेसार्टिन जातीचे गार्नेटचे कण ठासून भरलेले असतात. हे कण पाच ते पंधरा मायक्रॉनचे. नुसत्या आकारावर गेलात तर हा दगड चाकू-सुऱ्यांच्या लायकीचा ठरेल. पण गार्नेटचा स्फटिक बारा तोंडांचा, जवळजवळ गोल. तो कृत्रिम दगडातल्या अणकुचीदार कणासारखा खोल ओरखडत नाही, वरवर घासून जातो. म्हणून कणाच्या मानाने धार बरीच बारीक निघते. गंमत पुढे आहे. त्याच दगडाचा छोटा तुकडा वर घासून दुधी उगाळ काढलात तर कण सुटे होतात आणि दगड भराभर कापतो. मग थेंब थेंब पाणी घालत उगाळ पातळ करत नेलं की तोच दगड सावकाश आणि बारीक होत जातो. एका दगडात सुरुवात आणि शेवट. ग्रिटचा एक आकडा याला चिकटवताच येत नाही. 'गोड धार' बद्दल मी काही बोलणार नाही, तो तुमच्या गालाचा प्रश्न.

आता ओळखीबद्दल, कारण 'छटा बघून दहा मतं' हे खरंय. घरातल्या काट्यावर घनता काढा. दगडातलं तेल आधी काढून टाका आणि दगड नीट वाळवा. कोरडं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. झाली घनता.

पाटीचा दगड, म्हणजे थुरिंगियन आणि वेल्श वगैरे, साधारण २.७ ते २.८. अर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झ, म्हणून घट्ट असला तरी २.६५च्या वर जात नाही, आणि वॉशिटासारखा सच्छिद्र असला तर आणखी हलका. कोटिक्यूल गार्नेटमुळे हातालाच जड लागतो, पाटीच्या दगडापेक्षा स्पष्ट जास्त.

आणि मुंबईकरांसाठी सावधगिरी: आपला काळा बेसॉल्ट २.८ ते ३च्या आसपास येतो, कडप्पा २.७च्या. म्हणजे नुसत्या घनतेवर कडप्पासुद्धा जर्मन ठरेल! कडप्पा चुनखडीच्या जातीचा आहे. कोपऱ्यावर चाकूने थोडं खरवडा, भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका, भिंगातून बघा. बुडबुडे आले तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला.

दीड_शहाणा

ताई, चोरबाजारात काटा, दोरा, बादली आणि व्हिनेगर घेऊन बसलेलो मी डोळ्यांसमोर आलो.

खडकू

दुकानदार आधी चहा पाजेल, मग हाकलेल.

भायखळा_पूर्व

खडकूताई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

बाजारात करता येईल असं थोडं माझ्याकडून. बाजू बघा, वरची घासलेली बाजू खोटं बोलते. दोन थर दिसले, वर पिवळा आणि खाली गडद, तर कोटिक्यूलची शक्यता. मधली रेघ सरळ आणि बारीक असेल तर दोन दगड चिकटवलेले, वेडीवाकडी आणि एकमेकांत मिसळलेली असेल तर नैसर्गिक जोड. चिकटवलेला म्हणजे बनावट नव्हे, जुन्या काळीही पातळ थराला आधार म्हणून पाठीला दगड लावूनच विकत. हिरव्यावर तांबूस-तपकिरी डाग आणि रेघा असतील तर इंग्लंडच्या लेस्टरशायरचा चार्नली फॉरेस्ट असू शकतो. तो तेलावर चालवत, फार कडक आणि फार सावकाश. फिकट राखाडीवर काळे ठिपके म्हणजे स्कॉटलंडचा टॅम ओ'शँटर. अर्कान्सासचा पातळ कोपरा मोबाईलच्या दिव्यासमोर धरला तर काही दगडांत उजेड आरपार झिरपतो. जपानी दगड इकडे मला सापडलेला नाही, आणि क्योटोच्या नाकायामा खाणीच्या नावाने शिक्के मारलेले इतके फिरतात की शिक्का बघून मी तरी पैसे देणार नाही.

ज्या दगडाचं काहीच जुळत नाही तो बहुधा इथलाच कुठल्यातरी खाणीतला. नाभिक मंडळी पूर्वी कुठून दगड आणत हे कोणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही. धोकटीवाले भाऊ, तुमच्या घरी विचाराल का? विलायती दगडांपेक्षा मला या माहितीचं मोल जास्त वाटतं.

धोकटी_आजोबांची

वडिलांना विचारलं. ते म्हणतात, आजोबा पथरी नळ बाजाराच्या बाजूला एका बोहरी हार्डवेअरवाल्याकडून घ्यायचे. तो दगड पोत्यात ठेवायचा आणि नखावर घासून दाखवायचा. गावाकडे असताना मात्र फिरते विकणारे यायचे, पंढरपूरच्या यात्रेतही मिळायच्या. कुठल्या खाणीच्या, ते त्यांना ठाऊक नाही.

भाऊचा_धक्का

लहान विटकरी पथरीबद्दल. अशा कारखानी पथऱ्यांचा मोठा धंदा होता. ऑस्ट्रियाच्या काळापासून मारिबोरमध्ये, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, 'स्वाटी' (Swaty) नावाच्या निघत. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१मध्ये सिलिकॉन कार्बाइड बनवलं आणि त्याच्या कार्बोरंडम कंपनीने वस्तऱ्यासाठी वेगळे दगड काढले. हे नवा पैलू पाडायला नसतात. धार बोथटायला लागली की दोन-चार हलके हात, आणि गिऱ्हाईक खुर्चीत. म्हणून सलूनवाल्यांना हेच आवडत. नैसर्गिक दगडाच्या मानाने आजही स्वस्तात मिळतात, आणि अक्षरं कोरलेली असल्यामुळे लेबल धुऊन जायची भानगड नाही. भाऊ, मागच्या बाजूला बोट फिरवून बघा, काही उमटलंय का.

अवांतर: आपल्या समोरच, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरलं की ग्राइंडवेलचा कारखाना, १९४१पासूनचा. पुढे नॉर्टनशी जोडला गेला. आमचे एक मामा तिथे होते. सहाणचाकं बनवत, वस्तऱ्याची पथरी बनवल्याचं काही त्यांनी सांगितलं नाही. पण मामांच्या घरात सुरी बोथट राहिलेली मी कधी बघितली नाही.

फेस_आणि_ब्रश

खडकूताईंचं गार्नेट पटलं. तरी व्यवहाराचं बोलतो. कोटिक्यूल आजही खाणीतून निघतो, नवा मिळतो. चौकोनी निवडक तुकडा महाग, वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे बरेच स्वस्त, धार तीच. मग 'जुना' म्हणून जास्त पैसे कशाचे? एशरच्या बाबतीत निदान माल संपलाय हे कारण तरी आहे.

सातबंगलाकर

जुन्या डब्यासाठी, जुन्या हाताच्या कामासाठी. तुम्ही एचएमटी घड्याळ का घालता, मोबाईल वेळ दाखवत नाही?

फेस_आणि_ब्रश

तुम्हाला कसं कळलं मी एचएमटी घालतो?

सातबंगलाकर

घड्याळांच्या धाग्यावर तुमचे चाळीस प्रतिसाद आहेत, साहेब.

कांदाभजी

मला एक साधा प्रश्न. धोकटीवाल्यांच्या वडिलांना पाचशे देणारा माणूस आणि लेबलवर काहीशे डॉलर देणारा माणूस यांच्यात फरक काय? दोघेही आपल्याला जे हवं त्याचे पैसे देतायत. विकणाऱ्याला भाव माहीत नसणं हा घेणाऱ्याचा दोष कसा? चोरबाजार तर यावरच चालतो.

भायखळा_पूर्व

फरक आहे. मटन स्ट्रीटचा दुकानदार रोज हेच करतो, त्याच्याशी घासाघीस करताना मला काही वाटत नाही. तोही मला कडप्पा विकतोच की. पण सलूनमध्ये खुर्चीत बसून, दाढी करून घेत घेत, समोरच्याच्या आजोबांची अवजारं पाचशेला मागणं हे माझ्याच्याने होणार नाही. मी अशा घरी गेलो तर आधी दगड काय असू शकतो ते सांगतो, मग भाव बोलतो. काही वेळा त्यामुळे दगड हातचा जातो. जाऊ दे.

आणि अख्खी धोकटी मोडून एकेक वस्तू विकणारे आहेत, त्यांच्याबद्दल तर काय बोलावं. वस्तरा एकाकडे, पट्टा दुसऱ्याकडे, पितळेची वाटी तिसऱ्याच्या घरात अगरबत्तीला. कोणाची होती, कुठल्या गल्लीतली, सगळं पुसलं. परदेशी जमवणारे लेबलावर जीव टाकतात आणि आपण चालतंबोलतं लेबल, म्हणजे घरातली माणसं आणि त्यांची माहिती, फेकून देतो.

कांदाभजी

मुद्दा पोचला. पण गरीब घरात पाचशेसुद्धा पाचशे असतात, एवढं लक्षात ठेवा.

धोकटी_आजोबांची

आमच्या घरात पाचशेसाठी कोणी अडलेलं नाही. पण वडिलांना वाटलं, पडून राहण्यापेक्षा कोणाच्या कामाला येईल. त्यांचं तेवढंच होतं.

कलम_कसाई

परदेशात विकायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर आधी हे वाचा. १९७२च्या पुराणवस्तू कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्या व्याख्येत कला आणि कारागिरीबरोबर जुन्या काळच्या चालीरीती, शास्त्र, हस्तकला दाखवणाऱ्या वस्तूही येतात. झिजलेली पथरी त्यात बसते का? बहुधा नाही. पण तुम्हीच जाहिरातीत 'एकोणिसाव्या शतकातला दुर्मिळ' असं लिहायचं आणि फॉरेन पोस्टात तोच दगड 'साधा दगड' म्हणून दाखवायचा, हे जमत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही पुराणवस्तू नाही असा दाखला घ्यायची सोय आहे. उलट्या बाजूने, बाहेरून मागवलेल्या दगडावर कस्टम ड्युटी लागते, तीही किमतीत धरा. मी तुमचा वकील नाही, हा फुकटचा सल्ला आहे.

दीड_शहाणा

म्हणजे दगड जुना म्हटला तर कायदा, नवा म्हटला तर भाव नाही. वा!

खडकू

दगड कोट्यवधी वर्षांचा आहे. जुनं काय ते फक्त लेबल.

धोकटी_आजोबांची

ताई, काल तुमच्या पद्धतीने केलं. आधी दगडातलं तेल काढायला काय वापरू कळेना, वडील म्हणाले रॉकेल. आता रॉकेल कुठे मिळतं! भांड्याचा साबण आणि वॉशिंग सोडा घालून दोन दिवस बुडवून ठेवला. इतकं काळं पाणी निघालं की आई ओरडली. वाळल्यावर राखाडीपेक्षा हिरवाच दिसतोय, पिवळसर झाक आहे. कोरडं वजन ३१८ ग्रॅम, पाण्यातला आकडा ११६.

व्हिनेगरला बुडबुडे नाहीत. बाजूला थर दिसत नाहीत, एकसंध आहे. वरच्या कडा चारी बाजूंनी तिरप्या मारलेल्या आहेत. लेबल नाहीच.

विटकरी पथरीवर बोट फिरवलं. तीन रेघा आणि अर्धवट अक्षरं लागतात, शेवटचं 'वाय' स्पष्ट आहे.

भाऊचा_धक्का

तीन रेघा आणि शेवटी वाय? स्वाटीच असणार! फोटो टाका लवकर.

खडकू

३१८ भागिले ११६ म्हणजे २.७४. पाटीच्या दगडात बसतो. बेसॉल्टपेक्षा हलका, कडप्पा नाही, क्वार्ट्‌झ नाही. यापुढे काट्याची हद्द संपली.

सातबंगलाकर

पिवळट-हिरवा, एकसंध, कडा तिरप्या, २.७४. भाऊ, मी आत्ताच सांगतो, मला घ्यायला आवडेल.

भायखळा_पूर्व

बघा, लेबलवाल्याचाही जीव अडकला!

सातबंगलाकर

अडकला. पण एशर म्हणून नाही घेणार. त्या भागात दगड काढणाऱ्या पेढ्या आणखीही होत्या, लेबल नसताना एकाच पेढीचं नाव घेणं म्हणजे आपणच चोरबाजार उघडणं. 'थुरिंगियनसारखा, लेबल नाही, मधे झिजलेला' असं म्हणून जो भाव होतो तो मी देईन, आणि तोही तुम्ही दगड सपाट करून एकदा धार लावून बघितल्यावर. खरा बारीक असेल तर कदाचित तुम्हीच देणार नाही.

धोकटी_आजोबांची

सपाट कसा करायचा? बिल्डिंगच्या पायरीवर घासू?

फेस_आणि_ब्रश

पायरीवर नको! जाड काचेचा तुकडा घ्या, वर पाण्याचा सँडपेपर चिकटवा, २२०पासून सुरू करून ६००, मग १०००. दगडावर पेन्सिलने जाळी काढा. घासल्यावर जाळी मधे शिल्लक असेल तर खड्डा अजून आहे. नेहमी ओलं घासा. कोरडी सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही, हे मस्करीत सांगत नाही. खोल खड्डा असेल तर अख्खा घालवू नका, निम्मा दगड वाया जाईल. वस्तरा पूर्ण रुंदीत टेकेल एवढं पुरे.

आणि मग माझ्याकडे या, शिवडीला. माझा कृत्रिम दगड आणि तुमचा हिरवा, एकाच घडणीचे दोन वस्तरे, दोन्ही गाल. बघूच काय ते.

खडकू

याचा वृत्तांत हवा. कुठला गाल कुठला दगड हे फेसरावांना आधी सांगू नका, दोन्ही वस्तरे धोकटीवाल्यांच्या वडिलांच्या हातून चालवा.

धोकटी_आजोबांची

वडील ऐकून खूश झाले. म्हणाले, खरा वस्तरा हातात धरून फार दिवस झाले, आधी फुग्यावर हात बसवतो, मग त्या गृहस्थांचा गाल. रविवारी दुकान दुपारी दोनला मोकळं होतं. शिवडीला कशाला, परळलाच या सगळे.

फेस_आणि_ब्रश

फुग्यावर नक्की बसवा हात. मी शनिवारपासून दाढी वाढवून ठेवतो.

सातबंगलाकर

येतो. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. दगड मी फक्त बघेन, भाव आधी तुम्ही लावा.